दिल्लीच्या चर्चेत आपण आरोपीच का?

(भाईंदर येथे ठाणे जिल्ह्याच्या बैठकीत केलेले भाषण)



बैठक भाईंदरला घ्यायची ठरली तेव्हा मुरबाड-शहापूरकडच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, भाईंदरला शेतकरी राहिलाय कुठे? प्रश्न वाजवी आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. लोकलच्या दारात उभे राहिले तर दोन्ही अंगांना इमारतीच दिसतात. पण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून राई, मुर्धा, मोर्वा या वाटेने जा. खाचरे दिसतील, मिठागरे दिसतील. पुढे डोंगरी, पाली, चौक आणि उत्तनला होड्या दिसतील. पूर्वेला काशी आणि चेण्याच्या बाजूला नॅशनल पार्कच्या जंगलाला लागून आदिवासी पाडे आहेत. भात, मीठ, मासळी आणि जंगल यांवर पोट भरणारी माणसे एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत राहतात, आणि चौघांचेही भवितव्य पर्यावरणाच्या कायद्यांना बांधलेले आहे. म्हणून बैठक इथे घेतली.

आज बोलायचे आहे ते हवामान बदलाच्या चळवळीबद्दल, आणि त्या चळवळीमुळे दिल्लीतले खासदार काय बोलू लागले आहेत त्याबद्दल. विषय ऐकून काहींनी तोंड वाकडे केले. हे शहरातल्या शिकलेल्या पोरांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असे त्यांना वाटते. संबंध आहे, आणि तो सातबाऱ्यापर्यंत येतो. शहरातली चळवळ विषय संसदेच्या दारापर्यंत नेते. आत गेल्यावर त्याचे कलम कसे पडते, शिक्षा कुणाला आणि सूट कुणाला, हे त्या वेळी कुणाची माणसे तिथे कागद घेऊन उभी होती यावर ठरते. आपण उभे नसलो तर आपले नाव लिहिले जातेच, पण आरोपीच्या रकान्यात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पंजाब-हरियाणाच्या परालीचे. पराली म्हणजे भात काढल्यावर शेतात उरलेली धसकटे आणि पेंढा. दिल्लीकरांची तक्रार खोटी नव्हती. दर हिवाळ्यात तिथे श्वास घेणे मुश्किल होते. आईबाप, डॉक्टर, वकील, शाळेतली मुले वर्षानुवर्षे ओरडत होती, कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. हा रेटा होता म्हणूनच १९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत हवेच्या प्रदूषणावर आणि हवामान बदलावर चर्चा सुरू झाली. त्या चर्चेत पंजाबच्या सदस्यांना सांगावे लागले की सगळे खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडू नका. मोटारींचा धूर, बांधकामांची धूळ, कारखाने, वीजकेंद्रे हे सगळे दोषी होतेच. पण उपग्रहाच्या चित्रात शेतातली आग लाल ठिपक्याने दिसते. मोटारीचा ठिपका पडत नाही!

आता शेतकरी जाळतो का? आम्ही शेतकी शिकलेली माणसे, म्हणून हे जरा उलगडून सांगतो. कम्बाइन हार्वेस्टर भाताची लोंबी वरून कापतो आणि उभे धसकट शेतात सोडतो. पुढे गहू पेरायचा असतो. २००९ साली पंजाबने भूजल वाचवण्यासाठी कायदा केला, की ठरवलेल्या तारखेच्या आधी, म्हणजे जूनच्या मध्यापूर्वी, भाताची लावणी करायची नाही. हेतू चांगला होता, उन्हाळ्यातला पाण्याचा उपसा कमी व्हावा. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, आणि तेही नेमके हवा थंड होऊन खाली बसते त्या दिवसांत. म्हणजे पर्यावरणाच्या एका कायद्याने पर्यावरणाच्या दुसऱ्या गुन्ह्याला हातभार लावला. त्यात भात तिथे पिकतो तो सरकारी खरेदीमुळे. धोरण सरकारचे, आणि काडी तेवढी शेतकऱ्याची.

२८ ऑक्टोबर २०२० ला केंद्राने वटहुकूम काढून दिल्ली आणि आसपासच्या हवेसाठी आयोग नेमला. आयोगाचा हुकूम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पराली जाळणारा अल्पभूधारक आणि लाखो टन कोळसा जाळणारा कारखानदार एकाच कलमात बसवले. महिन्याभरात, २६ नोव्हेंबरपासून, शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले. तिन्ही कृषी कायदे रद्द करा ही मोठी मागणी सगळ्यांना आठवते. पण त्यांच्या यादीत हे परालीचे कलमही होते. ३० डिसेंबर २०२० च्या वाटाघाटीत सरकारने जे दोन मुद्दे मान्य केले त्यांतला एक हा. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा झाला, त्याच्या १४व्या कलमात स्पष्ट परंतुक आहे की ही शिक्षा पराली जाळणाऱ्या शेतकऱ्याला लागू नाही.

आता टाळ्या वाजवायची घाई करू नका. त्याच कायद्याचे १५वे कलम वाचा. शेतकऱ्याकडून 'पर्यावरण भरपाई' वसूल करायचा अधिकार त्यात आहे. दंड म्हणायचे नाही, भरपाई म्हणायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे दर दुप्पट केले. दोन एकरांच्या आत असलेल्याला ५ हजार, दोन ते पाच एकरवाल्याला १० हजार आणि त्याहून जास्त जमीन असेल तर ३० हजार रुपये. पुढच्या दाराने काढलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला.

हे कसे झाले? विधेयक ३० जुलै २०२१ ला लोकसभेत मांडले, ४ ऑगस्टला गदारोळात मंजूर झाले, ५ ऑगस्टला राज्यसभेतून बाहेर पडले. समितीकडे गेलेच नाही. कैदेचे कलम शेतकऱ्यांनी सात महिन्यांपूर्वी वाटाघाटीत अडवले होते. भरपाईच्या कलमाची छाननी करायला मात्र सभागृहात कुणाला उसंत मिळाली नाही. रस्त्यावरची ताकद कलम अडवू शकते. कलमाचा मजकूर घासूनपुसून घ्यायचा तर जागा वेगळी असते, आणि ती जागा म्हणजे संसदेची समिती.

समितीत काय होऊ शकते ते आमच्या उत्तनच्या बहिणींना ऐकायला आवडेल, कारण ती गोष्ट किनाऱ्याची आहे. किनाऱ्याचे नियम संसदेने कधी मतदान घेऊन केलेले नाहीत. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि त्या कायद्याने दिलेल्या अधिकारात मंत्रालय अधिसूचना काढते. १९ फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड अधिसूचना तशीच आली. २००८ साली ती बाजूला सारून 'किनारी व्यवस्थापन क्षेत्र' नावाची नवी अधिसूचना आणण्याचा मसुदा निघाला. मच्छीमारांनी ओळखले, की यात किनारा वाचवण्याची भाषा आहे पण किनाऱ्यावर राहणाऱ्याचा हक्क नाही. नॅशनल फिशवर्कर्स फोरमने त्या वर्षी गुजरातपासून बंगालपर्यंत किनाऱ्याने मोहीम काढली. पर्यावरणवादी मंडळी त्यांच्या बरोबर होती. विषय संसदेच्या विज्ञान, पर्यावरण आणि वने यांच्या स्थायी समितीपुढे गेला. व्ही. मैत्रेयन तिचे अध्यक्ष होते. मार्च २००९ च्या अहवालात समितीने सांगितले, की किनाऱ्यावरच्या लोकांना विश्वासात घेऊन त्यांच्या सहभागाची व्यवस्था होईपर्यंत हा मसुदा पुढे नेऊ नका. मग डॉ. स्वामिनाथन यांच्या समितीनेही तो सोडून द्या असाच सल्ला दिला, आणि जुलै २००९ मध्ये मसुदा रद्दबातल झाला. संसदेत एकही मत न पडता हे झाले.

पण याही गोष्टीला शेपूट आहे, आणि ते शेपूट थेट उत्तनच्या बंदरावर येऊन पडते. ६ जानेवारी २०११ ला जी नवी सीआरझेड अधिसूचना आली, तिच्यात मच्छीमारांच्या रेट्यामुळे कोळीवाड्यांसाठी खास तरतूद घातली गेली. कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा, म्हणजे घरांची दुरुस्ती-बांधणी करता येईल. उत्तम. फक्त ती तरतूद होती 'बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतल्या' कोळीवाड्यांसाठी. धारावी बेट एकच, समुद्र एकच, जाळी एकाच प्रकारची. पण गोराई-मनोरी बृहन्मुंबईत, आणि उत्तन, पाली, चौक मीरा-भाईंदरमध्ये. रेघेच्या अलीकडच्या कोळ्याला खास तरतूद, पलीकडच्याला नाही. कुणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुंबई होती, आणि उत्तनचे नाव घेणारा कागद त्याच्या टेबलावर नव्हता.

वनहक्क कायद्याचे उदाहरणही असेच, थोडक्यात सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये विधेयक आले तेव्हा वाघ वाचवू पाहणाऱ्या शहरी मंडळींनी जंगल संपेल म्हणून ओरड केली. आदिवासी संघटनांनीही आपली बाजू संयुक्त संसदीय समितीपुढे मांडली. किशोरचंद्र देव यांच्या त्या समितीने विधेयक बरेच बदलले. कब्जाची अट १९८० ची होती ती १३ डिसेंबर २००५ वर आली, आणि आदिवासींखेरीज जंगलावर जगणाऱ्या इतरांनाही, तीन पिढ्यांच्या अटीवर का होईना, जागा मिळाली. डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला. काशी-चेण्याच्या पाड्यांतल्या माणसाने वनहक्काचा दावा दाखल करायचा तो या कायद्याखाली.

आणि समिती दिल्लीतच बसते असेही समजू नका. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली, तिच्याआधी नागपूरला जाहीर सुनावणी झाली होती. पुढे शेतीविषयक स्थायी समितीने जनुक बदललेल्या पिकांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा २०१२ मध्ये तिचे खासदार यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत जाऊन कापूसवाल्यांशी बोलले. त्या प्रश्नावर शेतकरी चळवळीत दोन तट आहेत, आजही आहेत. काहींना तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, काहींना त्या बियाण्याचीच भीती. तो वाद आज काढत नाही. खासदार बांधावर येऊ शकतात, एवढेच ध्यानात घ्या.

आता तरुण मंडळींबद्दल. सप्टेंबर २०१९ मध्ये जगभर शाळा-कॉलेजची मुले हवामानासाठी रस्त्यावर आली, मुंबईतही आली. पुढच्याच महिन्यात आरेत रात्रीत झाडे तोडली, दोन हजारांहून जास्त. तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. २३ मार्च २०२० ला पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचा नवा मसुदा निघाला. त्यात जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी मुदत ३० दिवसांवरून २० वर आणली होती. देश टाळेबंदीत, आणि मसुदा इंग्रजी-हिंदीत. मराठी शेतकऱ्याने वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला सांगितले, की आठव्या परिशिष्टातल्या सर्व भाषांत भाषांतर करा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत ठेवा. मुलांनी ई-मेल पाठवून मंत्रालयाची पेटी भरून टाकली. 'फ्रायडेज फॉर फ्यूचर'चे संकेतस्थळ काही काळ बंदही करण्यात आले. हरकती लाखांनी गेल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. नंतर त्यातले काही बदल छोट्या छोट्या परिपत्रकांतून झिरपत आले, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्याचा आवाज संसदेत पोचला. ग्लासगोच्या परिषदेत २०७० चे उद्दिष्ट जाहीर झाल्यावर सव्वा महिन्याने, ८ डिसेंबर २०२१ ला, लोकसभेत नियम १९३ खाली हवामान बदलावर चर्चा सुरू झाली. कनिमोळी यांनी ती सुरू केली. नियम १९३ म्हणजे बोलायचे, मतदान नाही, ठराव नाही. तरी ती वाया गेली असे आम्ही मानत नाही. त्याच ग्लासगोत शंभराहून अधिक देशांनी मिथेन वायू कमी करण्याची प्रतिज्ञा घेतली, भारताने घेतली नाही. कारण मिथेन भाताच्या पाणी भरलेल्या खाचरातून येतो आणि गाई-म्हशींच्या पोटातून येतो, आणि सही केली तर भार छोट्या शेतकऱ्यावर पडला असता. आज नाही केली. उद्या भाताच्या पाण्याचा, म्हशीच्या रवंथाचा हिशेब पुन्हा निघेल. तो निघेल तेव्हा कोकणातला पावसाच्या पाण्यावरचा एकपिकी भात आणि पंप लावून पिकवलेला भात यांत फरक आहे हे सांगणारे कुणी तिथे हवे. ते आपल्याशिवाय कोण सांगणार?

आता आपल्या अंगणातले काम. खारजमिनीत भात कसा होतो ते इथल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे, तरुणांसाठी सांगतो. पहिल्या पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवायचे आणि उघाडीतून काढून टाकायचे, असे दोन-तीनदा केले की वरच्या थरातले मीठ धुऊन जाते. मग राता पेरा किंवा पनवेलच्या संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे खारे सोसणारे वाण लावा. जूनमध्ये पाऊस मध्येच ओढ देऊ लागला तर जमीन तापते आणि खालचे मीठ पुन्हा वर चढते. मोठ्या उधाणाला बांध फुटला तर एका रात्रीत खाडी शेतात येते आणि पुढचे दोन-तीन हंगाम हातचे जातात. अरबी समुद्र तापतो आहे, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते आपण पाहिले. बांधाबाहेरची तिवरे लाटेचा जोर मोडतात. ती तोडणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितले. आणि त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये वर्सोव्याहून भाईंदरकडे येणाऱ्या किनारी रस्त्यासाठी सुमारे ४५ हजार तिवरे तोडायला परवानगी दिली. लोकहिताचा प्रकल्प म्हणून. लोकांत खारशेतीवालाही येतो, हे तिथे कुणी मांडायचे?

बांध फुटला, खारे पाणी शिरले, तर भरपाई कुठून मिळते? महाराष्ट्राने आपल्या राज्यापुरत्या आपत्तींच्या यादीत समुद्राचे उधाण घेतले आहे. पण राज्याच्या यादीवर आपत्ती निधीतली फक्त १० टक्के रक्कम खर्च करता येते. बाकीचा निधी केंद्राच्या यादीतल्या आपत्तींसाठी. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६, ती यादी १२ आपत्तींचीच राहिली. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. काश्मीरचा हिमकडा त्यात आहे, आणि तो असायलाच हवा. कोकणातले, गोव्यातले, सुंदरबनातले खारे पाणी तिच्यात वेगळे म्हणून नाही. शेत नापीक झाले तर मागायचे कशाखाली? पूर म्हणून लिहावे तर तलाठी विचारतो, पाऊस कुठे पडला?

म्हणून आमची सूचना अशी, की या जिल्ह्याने एकच मागणी धरावी: शेतात खारे पाणी शिरणे ही केंद्राच्या यादीतली आपत्ती करा. ती मागायचे रस्ते आहेत. ठाण्याच्या खासदारांनी प्रश्न विचारावा, ते आपण त्यांच्याकडे जाऊन सांगायचे. लोकसभेच्या याचिका समितीकडे खासदारांच्या सहीने अर्ज जातो. अर्ज मराठीत करता येतो, फक्त सोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर सहीनिशी जोडावे लागते. स्थायी समित्या जाहिरात देऊन लोकांची निवेदने मागवतात, मुदत बहुधा पंधरवड्याची असते आणि भाषा तीच, इंग्रजी किंवा हिंदी. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर पंधरा दिवस भाषांतरातच संपतील. कागद आधीच तयार पाहिजे.

भाषांतराला कॉलेजची ती हवामानवाली मुले बोलवा. आरेत उभी राहिलेली मुले खाचराच्या बांधावरही येतील, त्यांना कुणी बोलावलेलेच नाही. त्यांच्याकडे इंग्रजी आहे, आपल्याकडे नोंदी आहेत. नोंदी म्हणजे भाषण नव्हे. गट नंबर, बांध फुटल्याची तारीख आणि तिथी, किती गुंठ्यांत पाणी शिरले, किती दिवस राहिले, त्या वर्षी आणि पुढच्या दोन वर्षी भात किती मण झाला. मातीचा नमुना मे महिन्यात आणि पुन्हा लावणीआधी घ्यायचा, क्षारता मोजून कागद जोडायचा. नमुने कसे घ्यायचे ते जेवणानंतर आम्ही मुर्ध्याच्या खाचरात दाखवणार आहोत. मिठागरवाल्यांनी आपला हिशेब वेगळा लिहावा, त्यांचे नुकसान उलटे असते. अवकाळी पावसाने मीठ विरघळते.

कोळी बहिणींकडे भरतीची नोंद आपल्यापेक्षा पक्की असते. उत्तनच्या मंडळींनी २०११ च्या त्या 'बृहन्मुंबई'वरही एक पान लिहून आणले आहे. ते आता वाचून दाखवतील, आम्ही खाली बसतो.